स्क्रीन काळी झाली म्हणजे ड्रायव्हरच बिघडला असं नाही

डिस्प्ले गेला की पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जातो आणि बरेच जण लगेच नवा ड्रायव्हर उतरवायला बसतात. त्याआधी चित्र कुठल्या टप्प्यावर बिघडतं ते बघा. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर विंडोज सुरू होताना लोड होतो. मदरबोर्डचा लोगो किंवा बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमचा) पडदाच दिसत नसेल, किंवा तिथेच रंगीत ठिपके आणि चौकटी दिसत असतील, तर त्यात ड्रायव्हरचा काहीच हात नाही. लोगो नीट दिसतो आणि विंडोज येताना काळं होतं, तेव्हा ड्रायव्हर पकडा. फक्त गेममध्येच त्रास होत असेल तर ड्रायव्हर, उष्णता आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठा करणारा डबा) असे तीन संशयित असतात.

लोगोच दिसत नसेल तर

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टलाच आहे ना? कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात, यूएसबीच्या शेजारी असलेला उभा एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डचा असतो. कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ आय५-१२४००एफमध्ये, अंगभूत ग्राफिक्स चालत नाही. रायझन ५ ५६००मध्येही ते नाही. अशा मशीनवर मदरबोर्डच्या पोर्टमधून कधीच चित्र येणार नाही. मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलेला आहे का, तेही पाहून घ्या.

बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (विंडोजची डिस्क) असे चार छोटे दिवे असतात. मशीन अडकल्यावर त्यांतला जो पेटून राहतो तिथे शोध घ्यायचा. डीरॅमचा दिवा राहिला तर ग्राफिक्स कार्डाला हात लावण्यात अर्थ नाही. एकच रॅम ठेवून, स्लॉट बदलून सुरू करा.

व्हीजीएचा दिवा राहिला तर कार्ड काढून परत बसवा. भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा. स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा आणि मगच कार्ड सरळ वर उचला. खिट्टी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, भुगा झटका, आणि खिट्टीचा आवाज येईपर्यंत कार्ड परत दाबा.

आता वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५०. कार्डावर दोन ८ पिनचे सॉकेट असतील तर दोन्ही भरलेच पाहिजेत, आणि शक्यतो एसएमपीएसमधून निघालेल्या दोन वेगळ्या केबलींनी. एकाच केबलीची दोन टोकं वापरली की जड गेममध्ये मशीन बंद पडण्याची शक्यता वाढते. सीपीयूची ८ पिनची केबल दिसायला तशीच असते, पण ती कार्डाला लावायची नसते. नव्या १६ पिनच्या जोडणीत प्लग पूर्ण आत गेलाय ना, हे डोळ्यांनी बघून खात्री करा. अर्धवट बसला तर वितळू शकतो.

लोगो दिसतो, पुढे अंधार

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. बीप वाजून स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. मग विंडोज आणि पी दाबा. चित्र कुठल्या पडद्यावर जायचं ते त्याने बदलतं; कधी ते जोडलेल्या टीव्हीकडे गेलेलं असतं.

तरीही अंधार असेल तर सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टी घेऊन सुरू होणारं विंडोज. लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ चा आकडा. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर इथे रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते, आधीच फोनवर काढून ठेवा. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर पासवर्ड लागतो.

सेफ मोडमध्ये विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर चालतो. तिथे चित्र स्वच्छ असेल तर दोष बहुतेक निर्मात्याच्या ड्रायव्हरात आहे. बिघाड नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ पुरतं. नाहीतर पूर्ण सफाई करा. कार्डाचा योग्य ड्रायव्हर आणि जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारा डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, आधीच उतरवून ठेवा. मग लॅनची केबल काढा, वाय-फाय बंद करा. ही पायरी अनेक जण गाळतात, आणि सफाई होताच विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर घालून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये डीडीयू चालवा, ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ निवडा, नवा ड्रायव्हर टाका आणि शेवटी इंटरनेट जोडा.

इथून पुढे प्रत्येक वेळी शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं तर विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि ड्रायव्हर जुन्याच अवस्थेत परततो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ दिसला, तर कार्डाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलेलं असतं. डीडीयूनंतरही तोच कोड आला तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तेच झालं तर कार्डच गेलं समजा.

गेममध्ये क्षणभर काळं होऊन परत येतं

कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने सापडते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, ही मुदत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थ्रीडी रेंडरिंगसारख्या लांब गणनेत त्याचा उपयोग आहे. गेमसाठी मात्र तो दुखणं झाकतो. त्याऐवजी ओव्हरक्लॉक (कार्डाचा मुद्दाम वाढवलेला वेग) काढा आणि एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कोअर क्लॉक, म्हणजे कार्डाच्या चिपचा वेग, १०० मेगाहर्ट्झने खाली आणा. तेवढ्याने त्रास थांबला तर कार्ड किंवा एसएमपीएस थकलाय. तापमान सतत ८५ अंशांच्या वर जात असेल तर पंखे आणि पत्र्यांमधली धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

चित्र येतं, पण बरोबर नाही

स्क्रीन लुकलुकत असेल तर टास्क मॅनेजर उघडा. तोही लुकलुकला तर ड्रायव्हर. बाकी सगळं लुकलुकतं आणि तो स्थिर आहे, तर एखादा प्रोग्रॅम.

१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर ६० वरच चालत असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे आकडा बदला. पर्याय दिसतच नसेल तर केबल किंवा पोर्ट जुना आहे: एचडीएमआय १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झ मिळतं, २.० वर ६०. एनव्हिडिया कार्ड एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखाडी दिसतो, तेव्हा कंट्रोल पॅनलमधल्या ‘चेंज रिझोल्यूशन’मध्ये डायनॅमिक रेंज ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ करा.

जुन्या व्हीजीए पोर्टचा मॉनिटर स्वस्त कन्व्हर्टरने जोडल्यावर १०२४ बाय ७६८ वरच अडकतो, कारण मॉनिटर आपली क्षमता कार्डाला सांगतो ती माहिती कन्व्हर्टर पुढे पाठवत नाही. यावर ड्रायव्हरचा इलाज नाही, कन्व्हर्टर बदला.

जुन्या कार्डांचं काय

जीटी ७१० सारख्या एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० मालिकेच्या पुढचा ड्रायव्हर चालतच नाही. ताजा टाकायला गेलात तर ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका.

सेकंडहँड कार्ड घेताना कार्डाची ओळख दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम चालवून पाहा. जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाचा बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकतात. असं कार्ड असेल तर नावाआधी ‘फेक’ लिहिलेलं दिसतं, आणि त्यावर खऱ्या १०५० टीआयचा ड्रायव्हर कधीच नीट बसत नाही.