बोट हलण्याआधीचा मेंदू : ईईजीची नोंद कशी घ्यावी

हालचाल आणि विचार यांचा संबंध मेंदूच्या विद्युत नोंदीतून, म्हणजे ईईजीतून अभ्यासायचा असेल, तर मनात येईल तेव्हा बोट वाकवणे हा सर्वांत सोपा प्रयोग आहे. कोर्नहूबर आणि डेके या मेंदू-संशोधकांनी १९६० च्या दशकात जर्मनीत तो केला, तेव्हा नोंद चुंबकीय फितीवर साठवून उलटी चालवावी लागली, कारण त्यांना हालचालीच्या आधीचा काळ हवा होता. हालचालीपूर्वी सेकंदभर किंवा त्याहून आधीपासून हळूहळू ऋण होत जाणारे मेंदूतील हे विद्युत विभव (व्होल्टेज) ‘सज्जता-विभव’ म्हणून ओळखले जाते.

सर्वाधिक काळजी हालचालीचा शून्य क्षण ठरवताना घ्यावी. स्नायू आधी आकुंचन पावतो आणि बटण नंतर दाबले जाते, म्हणून केवळ बटणावर विसंबू नये. बोट वाकवणाऱ्या स्नायूवर, म्हणजे कोपराखालच्या हातावर, दोन इलेक्ट्रोड लावून तेथील विद्युत हालचाल जेथे उसळते तो क्षण प्रत्येक फेरीत डोळ्यांनी तपासून घ्यावा. संगणक हा क्षण शोधून देतो, पण चुकतोही.

डोक्यावरचे इलेक्ट्रोड १०-२० पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मापाच्या १० आणि २० टक्के अंतरांवर, लावावेत. सीझेड (डोक्याच्या माथ्यावर मधोमध), सी३ (त्याच्या डावीकडे) आणि सी४ (उजवीकडे) ही स्थाने अत्यावश्यक आहेत. शिवाय पापण्यांची उघडझाप टिपण्यासाठी डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड हवेतच. सेकंदाला ५०० नमुने पुरतात. मात्र हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारतेखालच्या संथ लहरी गाळणारी चाळणी, ०.१ हर्ट्झ किंवा त्याहून खाली ठेवावा. नोंद स्वच्छ दिसावी म्हणून तो १ हर्ट्झवर नेला, तर ज्या संथ लहरीसाठी हा खटाटोप केला तीच पुसली जाते.

ही लहर साधारण दहा मायक्रोव्होल्टची किंवा त्याहून लहान असल्याने एका फेरीत दिसत नाही. सरासरीत गोंगाट फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १०० फेऱ्यांनी तो एक दशांश होतो. दोन हालचालींत किमान पाच सेकंद जाऊ द्यावेत. म्यू आणि बीटा या मेंदूच्या अधिक वेगवान तालबद्ध लहरी हालचालीआधी क्षीण होतात आणि बीटा नंतर पुन्हा जोर धरते, पण त्यांची कला (फेज, म्हणजे चढ-उताराची वेळ) दर फेरीत बदलत असल्याने साध्या सरासरीत त्या एकमेकींना खोडतात. म्हणून प्रत्येक फेरीची शक्ती आधी काढून मगच सरासरी घ्यावी.

विचाराचा अभ्यास करताना हालचाल तीच ठेवून निर्णय तेवढा बदलावा. उदाहरणार्थ, कोणता हात हलवायचा हे काही फेऱ्यांत आधी सांगावे, काहींत संकेताच्या क्षणीच. सी३ आणि सी४ यांच्यातील फरक दोन्ही हातांसाठी काढून त्यांची योग्य सांगड घातली, की मेंदूतील तयारी कोणत्या हाताकडे केव्हा झुकली ते कळते.

लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात हालचाल करण्याची इच्छा जाणवल्याचे लोकांनी सांगितलेल्या क्षणाआधीच सज्जता-विभव सुरू झालेले दिसले. त्यानंतर या लहरीला ‘नकळत झालेला निर्णय’ म्हणण्याची घाई अनेकांनी केली. पण संथ चढउतार मेंदूत सतत चालू असतात आणि हालचालीच्या क्षणाशी जुळवलेल्या सरासरीत तेच चढण होऊन दिसू शकतात. म्हणून हालचाल न झालेल्या काळातले तुकडेही त्याच रीतीने तपासावेत.