गळा तसाच ठेवा, ठेका बदला

रीमिक्स करायला बसलं की नवीन पोरं आधी किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, शोधतात. मी आधी गाणं गुणगुणतो. ज्या ओळीवर आपसूक मान डोलते, ती कागदावर लिहून ठेवतो. गिटार, कॉर्ड, मूळ ड्रम सगळं गेलं तरी चालेल, ती ओळ मात्र जाता कामा नये.

मग टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके (बीपीएम). गायकाचा सुटा ट्रॅक मिळाला तर उत्तमच, नाहीतर सॉफ्टवेअरने गळा वेगळा काढा. 115 बीपीएमचं पॉप गाणं नाचासाठी 124 वर ओढलं तर साधारण आठ टक्के ताण पडतो, गळा तो सोसतो. संथ गाण्याला आपण उगाच घाबरतो. 62 चं गाणं 124 वर न ताणता बसतं, फक्त एक ओळ दुप्पट बार खाते (चार ठोक्यांचा एक बार). खरी डोकेदुखी 95-100 ची. तिथे मी रीमिक्सच 110 वर आणतो. गायिकेचा गळा घुंगुरमाशीसारखा करण्यापेक्षा ते बरं. आणि की-लॉक, म्हणजे वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारं बटण, चालू आहे ना ते बघा. तो नसेल तर सहा टक्के वेग वाढवला की पट्टी जवळपास अर्धा सूर चढते. वेग कमी-जास्त करणाऱ्या आठ टक्क्यांच्या पिच स्लायडरवर हात बसलेल्या आमच्या पिढीला हे कानानेच कळतं.

किक आणि बास एकाच जागेसाठी भांडतात. किक पडली की बास क्षणभर दबला पाहिजे, त्यासाठी साइडचेन लावा, म्हणजे किकच्या इशाऱ्यावर बासचा आवाज आपोआप खाली जातो. गळ्यातला 100 हर्ट्झखालचा गाळ काढून टाका. इलेक्ट्रॉनिक गाण्याची मूळ बासलाइनच गाजलेली असेल तर नवी घालू नका. तीच ठेवा आणि किकची शेपटी, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज, आखूड करा.

ड्रॉपच्या आधी, म्हणजे ठेका पूर्ण जोरात कोसळतो त्या क्षणाआधी, मी एक जुनी युक्ती वापरतो. ओळीतला पहिला शब्द कापा, उलटा फिरवा, त्यावर लांब रिव्हर्ब (घुमारा) द्या, त्या रिव्हर्बसकट नवी ऑडिओ फाइल काढा (रेंडर करा) आणि पुन्हा सुलटा करा. शब्द येण्याआधीच त्याची हवा ओढली जाते. मात्र ती बरोबर समेवर संपली पाहिजे. अर्धी मात्रा इकडेतिकडे झाली तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो.

आता इंट्रो, म्हणजे गाण्याची सुरुवात. माझ्या सुरुवातीच्या एका रीमिक्समध्ये गळा पहिल्याच बीटला सुरू होत होता. मी त्यावर खूश होतो. एका सीनियर डीजेने तो एकदाच वाजवला, आधीच्या गाण्याच्या कोरसवर माझी गायिका चढली आणि फ्लोअरवर दोन बायका भांडतायत असं वाटलं. सीडी परत देताना तो काही बोललासुद्धा नाही. तेव्हापासून सुरुवातीला 32 बार नुसता ठेका, शेवटीही तेवढाच. 128 बीपीएमला 32 बार म्हणजे बरोबर एक मिनिट. तेवढ्यात कुणीही डीजे तो आधीच्या गाण्यात आरामात मिसळतो. त्यातच आठ-आठ बारांनी एकेक वाद्य आणा: हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज), क्लॅप, मग बास.

रीमिक्स बाहेर काढायचा असेल तर मूळ गाण्याच्या हक्कदाराची परवानगी घ्या, त्यात पळवाट नाही.

शेवटची तपासणी हेडफोनवर नको. दोन तयार ट्रॅकच्या मध्ये आपला ठेवा, तिन्हींचा आवाज सारखा करा आणि खोलीच्या बाहेर जाऊन ऐका. आपला लागल्यावर भिंतीपलीकडून ठोका पोकळ वाटला तर किक-बासकडे परत. आत आल्यावर कान टोचले तर हाय-हॅट दोन डेसिबल खाली. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा हॅटच निघते.