‘बाद’ नसलेले खेळ

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात दुपारी ३ ते ५ या वेळात चार पोरं असतात. एक माझी नात, साडेतीन वर्षांची. बाकीची तीन शेजारची. धाकटी दोन वर्षांची, थोरला पावणेपाच. आया कामावर, आज्या झोपलेल्या, म्हणून ही फौज माझ्याकडे. सहा वर्षं झाली. पोरं मोठी होऊन शाळेत जातात, नवी येतात. टीव्ही लावायचा नाही एवढं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. बाकी सगळं चुकत चुकत शिकले.

सगळ्यांत मोठी चूक ‘बाद’ची. खडूने रेघ मारून तळ्यात-मळ्यात घेतलं की सर्वांत आधी कोण चुकणार? अर्थात सर्वांत लहान पोर. ते बाद होऊन भिंतीशी बसतं, आणि दोन मिनिटांत कुणाची तरी वेणी ओढतं. ज्याला उड्या मारायची सर्वांत जास्त गरज, तेच बसून. म्हणून आता आमच्याकडे नियम उलटा आहे: जो चुकेल त्याने पुढचा हुकूम सोडायचा. आमची धाकटी तर हुकूम सोडायला मिळावा म्हणून मुद्दाम चुकते. चुकू दे!

सुरुवातीला शब्द सावकाश म्हणा, मग वेग वाढवा. सरावलं की तळ्यात बेडूकउडी, मळ्यात सशासारखे कान धरायचे. पाच-सहा मिनिटांत थांबवा, पोरं ‘अजून, अजून’ म्हणत असतानाच. कंटाळा येईपर्यंत ताणलेला खेळ उद्या कुणी मागत नाही. ‘आईचं पत्र हरवलं’ला चार पोरांचं रिंगण होत नाही, तर मध्ये उशा आणि बाहुल्या बसवते. पाठीत धपाटे मात्र नाहीत, रुमाल नुसता मांडीवर टाकायचा.

उन्हाळ्यात आमचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे पाणी ओतणं. परात, तिच्याखाली जुना टॉवेल, दोन फुलपात्रं, चहाची छोटी किटली, एक गाळणी. पितळी तांब्या देऊ नका, जड होतो. किटली अर्धीच भरायची. पेल्याला बाहेरून रबर लावा आणि ‘इथपर्यंत’ एवढंच म्हणा. माझी नात पहिल्या दिवशी किटली एका हाताने उचलून सगळं पाणी मांडीवर घेऊन बसली. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिने डावा हात किटलीच्या पोटाखाली लावला, जीभ बाहेर काढली, आणि रबराच्या रेघेशी पाणी आल्यावर श्वास सोडला. मग ते परत किटलीत, परत पेल्यात, असं वीसेक वेळा. नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं, त्यामुळे खेळ संपला की परातीतलं पाणी मोगऱ्याला. ते घालायलाही भांडण, म्हणून प्रत्येकी एक फुलपात्र. आणि पाण्याजवळून उठायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. बादलीतलं वीतभर पाणीही लहान मुलाला बुडायला पुरतं.

आता माझी दुसरी चूक. वाटीतले हरभरे वेगळे करण्याचा खेळ मी मोठ्या हौसेने मांडला होता. एका पोराने त्यातला एक नाकात घातला. हरभरा ओला झाला की फुगतो, त्यामुळे बोटाने किंवा चिमट्याने काढायला गेलो असतो तर आणखी आत गेला असता. सरळ डॉक्टरकडे नेलं, त्यांनी काढला. त्या दिवसापासून चिंचोके, मणी, शेंगदाणे बंद. साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळीत जे मावतं, ते तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात नाही. टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी याच्या जवळपासच भरते, पण ती थोडी रुंद असते, म्हणून तिच्यात मावलं की मी ते वर ठेवून देते. निवडायला आता मोजे आहेत: कपाटातले सगळे काढायचे आणि जोड्या लावायच्या. घरकामही होतं.

चिखलाची हौस पिठावर भागवते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, आणि लागेल तसं पाणी, पाऊण वाटीच्या आत-बाहेर. घट्ट मळा. रंगाला हळद किंवा बिटाचा रस; हळदीचे डाग कपड्यांना राहतात, हे आया मला दर वेळी सांगतात. मिठामुळे गोळा डब्यात काही दिवस टिकतो, पण मीठ एवढं असतं की तो खाऊ द्यायचा नाही. कुणाच्या हाताला खरचटलं असेल तर त्या दिवशी पीठ नाही, झोंबतं.

पण सध्या राज्य आहे कचरागाडीचं. आमच्या गल्लीत सकाळी गाडी गाणं वाजवत येते तेव्हा पोरं खिडकीत असतात, त्यामुळे दुपारी तीच गाडी अंगणात. मोठं खोकं, पुढे दोरी, आत दोन डबे: हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. मी आधीच एका टोपलीत मटाराची सालं, केळ्याचं साल, वर्तमानपत्र, बिस्किटाचा कागद, पेनाचं टोपण नव्हे तर अख्खं पेन अशा वस्तू ठेवते. प्रत्येकाने एक उचलायची आणि कुठल्या डब्यात ते सांगायचं. चुकलं तर मी सांगत नाही, दुसऱ्या पोराला विचारते. परवा चहाच्या चोथ्यावरून थोरला आणि माझी नात तावातावाने भांडले. ओलाय म्हणून ओल्यात, की काळाय म्हणून सुक्यात? धाकटीला अजून काही कळत नाही, ती गाडीपुढे चालत गाणं म्हणते. तिच्या गाण्यात एकच शब्द आहे, आणि तो मला कळलेला नाही.