कॅमेऱ्याआधी वही : वारीच्या छायाचित्रणातून शिकलेले

माउलींच्या पालखीसोबत पहिल्यांदा चाललो, त्या वर्षी दिवे घाटाच्या त्याच वळणावर उभे राहून सगळे काढतात तोच फोटो मीही काढला. घरी आल्यावर हजारभर फोटोंपैकी एकाखालीही नेमकी ओळ लिहिता येईना, कारण समोर नक्की काय चालले होते हेच मला ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी निघण्यापूर्वी मुक्कामांची यादी आणि दिंड्यांचा क्रम वाचून काढला, गावातल्या एका विणेकऱ्यांकडे चार संध्याकाळी जाऊन बसलो आणि त्यांनी सांगितलेले वहीत उतरवून घेतले. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात, प्रत्येकीची जागा ठरलेली असते, हे समजल्यावर कोणासाठी कुठे थांबायचे ते ठरवता येऊ लागले. चांदोबाचा लिंब येथील पहिल्या उभ्या रिंगणात, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या वाटेवर, दोन अश्व धावतात आणि त्यांतील माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. त्यावर स्वतः माउली आरूढ असतात, ही वारकऱ्यांची श्रद्धा. हे माहीत नसलेला छायाचित्रकार साहजिकच जरीपटका घेतलेल्या स्वाराच्या मागे लागतो. मीही लागलो होतो.

अभ्यासाचा सर्वाधिक उपयोग झाला तो समाजआरतीत. संध्याकाळी तळावर सर्व दिंड्या टाळमृदंगाच्या गजरात जमतात, सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारे शांत होते; मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती टाळ वाजवतच राहते आणि चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. मग हरवले-सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. त्या शांततेत माझ्या शटरचा आवाज इतका मोठा वाटला की शेजारच्या आजोबांनी मान वळवून पाहिले, म्हणून नवख्यांनी कॅमेऱ्यातील मूक शटरची सोय आधीच तपासून ठेवावी. सोहळा तिथीनुसार चालत असल्याने इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे रजेचा अर्ज पंचांग पाहूनच करावा.

तिसऱ्या वर्षी दंड वर गेला तेव्हा मी चोपदारांकडे पाहिलेच नाही. आवाजाच्या दिशेने वळलो, तर थांबलेल्या शेकडो हातांच्या पलीकडे पाच-सहा जोड्या टाळ तेवढे हलत होते.