जुन्या ट्रॉलीच्या सुरक्षा साखळ्या बदलताना

हूकमधली पिन तुटली किंवा उडाली, तर ट्रॉली ट्रॅक्टरला धरून ठेवायला सुरक्षा साखळीशिवाय दुसरं काही नसतं. तरीही रावेर-यावलकडे केळी वाहणाऱ्या आणि शहाद्याकडे ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रॉल्या बघा. कुठे बैल बांधायची साखळी, कुठे नायलॉनचा दोर, कुठे काहीच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही व्हत नही भाऊ." लळिंगच्या चढावर भरलेली ट्रॉली सुटली तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काय होईल, याचं उत्तर मात्र कोणी देत नाही.

साखळी वजन बघून घ्यायची, जाडी बघून नाही. भरलेली ट्रॉली एकदा वजनकाट्यावर घाला. साखळ्या दोन लागतात, पण झटका दोघींवर सारखा वाटला जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून एकेकीची तुटण्याची मर्यादा ट्रॉलीच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त हवी. ग्रेड ८० ची १० मिमी साखळी ३.१५ टन कामाच्या भाराची असते, तुटण्याची मर्यादा त्याच्या चौपट, म्हणजे १२.६ टन. एका ट्रॉलीचं भरलेलं वजन याच्या आत असेल, तर ती पुरते. उसासाठी मागे दुसरी ट्रॉली जोडत असाल, तर पुढच्या ट्रॉलीच्या साखळ्यांना दोन्हींचं वजन धरा आणि १३ मिमी घ्या. कड्यांवर ८ किंवा ८० असा छाप असतो. छाप नसेल तर कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका. विहिरीतली मोटर काढून काढून झिजलेली चेन कप्पीची साखळीही नको.

ट्रॉलीच्या दांड्यावर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पुढच्या लोखंडी भागावर, हातोडी मारत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला आणि रंगाखालून पापुद्रे सुटले तर आधी तो भाग बदला. मग दोन्ही बाजूंना भोक पाडलेल्या १२ मिमी जाड पट्ट्या वेल्ड करून घ्या. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा दांड्यालाच, जोडाजवळ लावायला सांगा. चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग जळतं. साखळीची कडी मात्र कधीही वेल्ड करू नये. ग्रेड ८० ची ताकद उष्णता देऊन आणलेली असते, वेल्डिंगच्या आचेने ती जाते. साखळी जोडायची ती शॅकलनेच, म्हणजे पिन घालून बंद होणाऱ्या U आकाराच्या कडीने.

आता लांबी. मलाही हेच जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि गावोगाव चुकतं तेही हेच. साखळी लांब राहिली तर पिन निघाल्यावर दांडा रस्त्यात रुततो आणि मागचं वजन त्याच्यावरून उलटतं. आखूड राहिली तर बांधावर वळताना ती ताणते आणि शॅकल वाकतो. "थोडी ढिली ठेव" या सल्ल्याने काहीच ठरत नाही.

रिकामी ट्रॉली सपाट जागेवर जोडा, चाकांना दगड लावा. दांड्याखाली जॅक द्या, पिन काढा आणि दांड्याचं टोक जमिनीपासून वीतभर उंच राहील इतकं खाली घ्या. आता डाव्या बाजूची साखळी ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला आणि उजवीकडची डाव्या बाजूला, दांड्याच्या खालून फुली मारून न्या. फुलीने दांड्याखाली झोळी तयार होते, सुटलेला दांडा तिच्यात पडतो. वळताना लांबीतला फरकही कमी पडतो. साखळी ताठ होईल त्या कडीला खूण करा.

पिन परत घाला. पहिल्या लो गिअरमध्ये पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळा. बघणारा माणूस लांब उभा राहू द्या, चाक आणि दांड्याच्या मध्ये कोणीही नको. टायर ट्रॉलीला लागायच्या आत साखळी ताणली तर एक कडी वाढवा आणि उंची पुन्हा तपासा. दोन्ही अटी एकदम जुळत नसतील तर चूक लांबीची नाही, जागेची आहे: पट्ट्या पिनपासून फार मागे लागल्या आहेत, त्या पुढे घ्या. साखळी आखूड करायला पीळ देऊ नका, गाठ तर नकोच, दोन्हींनी ताकद घटते.

ट्रॅक्टरकडचं टोक हूकच्याच पिनला अडकवलं तर साखळीला अर्थ उरत नाही, कारण पिन गेली की दोन्ही गेलं. हायड्रॉलिकच्या खालच्या लिंकलाही नको, ती वरखाली होते. हूक ज्या जाड ब्रॅकेटवर बसतो, त्यात वेगळी भोकं पाडून घ्या. शॅकलची पिन तारेने बांधा. ट्रॉली टिपिंगची असेल तर ऑइलच्या पाइपला साखळी घासत नाही ना, तेही बघून घ्या.

साखळीला जाड रंग देऊ नका, तडे झाकले जातात. तेलाचं फडकं पुरे. हंगामाच्या सुरुवातीला कडीला कडी टेकते तिथे माप घ्या. १० मिमीची कडी ९ मिमीच्या खाली गेली असेल, तर ती साखळी बदला.