लँडलाइनला आन्सरिंग मशीन जोडताना

वेगळं आन्सरिंग मशीन (कुणी फोन उचलला नाही तर निरोप रेकॉर्ड करून ठेवणारं) घेतलं तर जोडणी सोपी असते: भिंतीतल्या सॉकेटची वायर मशीनच्या ‘लाइन’ खाचेत आणि फोनची वायर ‘फोन’ खाचेत. त्याच तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल तर मशीन स्प्लिटरच्या (फोन आणि इंटरनेट वेगळं करणाऱ्या डबीच्या) फोनकडच्या बाजूलाच लावा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते. फायबर असेल तर वायर मोडेमच्या फोन पोर्टमधून घ्यायची. वीज गेली की मोडेम आणि मशीन दोन्ही बंद, म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवलेली बरी.

खरी मेख रिंगच्या सेटिंगमध्ये आहे. दोन रिंगांवर ठेवलं तर स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत मशीन बोलायला लागतं. घरात वयस्कर माणसं असतील तर पाच-सहा रिंगा ठेवा. मात्र फोन कंपनीची व्हॉइसमेल, म्हणजे निरोप घेणारी तिची स्वतःची सेवा, सुरू असेल, तर मशीनने तिच्याआधी फोन उचलायला हवा. नाहीतर निरोप तिकडेच जातील.

फोन करणाऱ्याला मशीन ऐकवेल तो तुमचा निरोप मराठीत आणि थोडक्यात रेकॉर्ड करा. ‘आम्ही गावाला गेलोय’ असं मात्र चुकूनही सांगू नका. चोराला आयतं आमंत्रण कशाला? ‘आत्ता फोन घेता येत नाही, नाव-नंबर सांगा’ एवढं पुरतं.