जरीने शिकवलेला प्रकाश

आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी कोल्हापुरात दुकानांची व घरांची विद्युतीकरणाची कामे घेऊ लागलो, तेव्हा दिवा मला फक्त वॅटनेच ओळखता येत असे. महाद्वार रोड परिसरातील एका साडीच्या दुकानात मी छतभर दोन फूट बाय दोन फुटांची एलईडी पॅनेल बसवली. गादीच्या पातळीवर लक्समीटर, म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारे यंत्र, सहाशेच्या पुढे गेला, म्हणजे उजेड भरपूर होता, तरीही मालकांनी एक पैठणी उलगडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "अहो, जरीचा काठ झोपला की सगळा! गिऱ्हाईक काय बघणार ह्यात?"

चूक उजेडाच्या मापात नव्हती, तो येत कसा होता यात होती. पॅनेलच्या दुधी आवरणातून प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून विखरून खाली येतो आणि त्यामुळे सावल्या फिकट होतात, हा गुण कार्यालयात किंवा वर्गात उपयोगी पडतो; जरीची तार मात्र लहान आणि तीव्र दिव्याचे प्रतिबिंब तिच्यावर पडले तरच चमकते. शेवटी निम्मी पॅनेल उतरवून गादीच्या वर ट्रॅकवर (दिवे सरकवता येणाऱ्या पट्टीवर) अरुंद झोताचे स्पॉट दिवे लावले आणि काठ जागा झाला. उतरवलेल्या पॅनेलचा खर्च मीच सोसला.

तेव्हापासून मी खोक्यावर वॅटच्या आधी झोताचा कोन पाहतो. झोताच्या मध्यभागी असलेली तीव्रता कडेकडे जाताना जिथे निम्मी होते, तिथपर्यंतचा पूर्ण कोन म्हणजे हा कोन होय. दोन मीटर खाली २४ अंशांच्या दिव्याचे वर्तुळ सुमारे ८५ सेंटिमीटर व्यासाचे पडते, ३६ अंशांच्या दिव्याचे १.३ मीटरचे, तर ६० अंशांच्या दिव्याचे २.३ मीटरचे. तेवढेच ल्युमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश, मोठ्या वर्तुळात पसरले की लक्स घटणारच. गुजरीतील सराफी पेढीच्या काउंटरला अरुंद झोत शोभतो. घरातील बैठकीच्या खोलीत तोच झोत पाहुण्यांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडतो.

प्रकाश खाली किती जातो आणि वर किती, यावरून दिव्यांचे पाच वर्ग केले जातात. नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश खाली टाकणारा डाउनलाइट (छतात बसवलेला दिवा) प्रत्यक्ष वर्गात मोडतो, जवळपास सारखाच सगळीकडे फेकणारा गोल दुधी काचेचा लटकता दिवा मधल्या वर्गात येतो आणि जवळजवळ सगळा प्रकाश छताकडे पाठवणारा कोव्ह, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेली एलईडी पट्टी, अप्रत्यक्ष वर्गात येतो. नवशिके सर्वाधिक फसतात ते कोव्हमध्येच, कारण तिथे दिव्याचे अर्धे काम छत करत असते. पांढरे मॅट पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) छत बराचसा प्रकाश परत पाठवते. सागवानी रंगाच्या छताखाली तीच पट्टी केविलवाणी वाटते. छत चकचकीत रंगाचे असेल, तर पट्टीवरील एकेक एलईडी ठिपक्यासारखा त्यात दिसतो, आणि पट्टी छताला फार जवळ बसवली तर कडेला प्रखर रेघ उमटून मधला भाग अंधारा राहतो. माझ्या मते एकट्या कोव्हवर कोणतीही खोली चालवू नये. आजोबांना त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येत नाही, आणि तक्रार येते ती वायरमनकडे.

शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांचे गणित निराळे असते. तिथे लेथवर साध्या, लुकलुकणाऱ्या दिव्याखाली फिरणारा चक (काम पकडून फिरवणारा भाग) थांबल्यासारखा किंवा हळू फिरल्यासारखा भासू शकतो आणि कामगाराचा हात धोक्यात येतो. म्हणून चांगल्या ड्रायव्हरचे (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे), लुकलुक नसलेले दिवे घ्यावेत, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

शिकण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. खोलीतील उजेडाचा आराखडा संगणकावर आधीच पाहण्याचे डायलक्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात घालण्यासाठी चांगले उत्पादक आपल्या दिव्यांच्या प्रकाशवितरणाच्या फाइली देतात. परंतु त्याआधी रात्री अंधाऱ्या खोलीत एक डाउनलाइट भिंतीपासून प्रथम एक फुटावर आणि मग तीन फुटांवर धरून भिंत पाहावी. जवळून भिंतीवर स्पष्ट कमान उमटते. लांबून ती खाली सरकते आणि भिंतीचा वरचा भाग काळा पडतो.

अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या वेळी मूर्तीपर्यंत येणाऱ्या मावळतीच्या किरणांच्या वाटेतील अडथळ्यांची चर्चा कोल्हापूरकर हिरिरीने करतात. घरात तो अडथळा म्हणजे पंखा. आराखड्यावर पंख्याची पाती पूर्ण वर्तुळात काढून घ्यावीत आणि मगच डाउनलाइटची छिद्रे ठरवावीत. एका घरात मी हे केले नाही आणि पंखा सुरू होताच जेवणाच्या टेबलावरील उजेड थरथरू लागला, तेव्हा पीओपीची चार छिद्रे बुजवून पुन्हा पाडावी लागली.